न बसणारा भाऊसाहेब

श्रीपती तिकोणेची बायको त्याच्या नावाने देवीला नवस बोलली, तेव्हा श्रीपती त्याच खोलीत होता. पण त्याला कुणी विचारलं नाही. तापाने फणफणलेल्या लेकीच्या कपाळावरची ओली पट्टी बदलता बदलता कस्तुराबाईने डोळे मिटले आणि ती मोठ्याने म्हणाली, "एकवीरा आई, माझ्या नंदाला उठून हिंडूफिरू दे. तिचे वडील पायथ्यापासून तुझ्या दारापर्यंत कुठंही न बसता चढून येतील आणि तुझी ओटी भरतील."

श्रीपती दचकला खरा, पण ती वेळ वाद घालायची नव्हती. मुदतीचा ताप होता, तळेगावचे डॉक्टर नाडी धरून नुसते 'हं' म्हणत होते आणि पोरीने दोन दिवस डोळा उघडला नव्हता. त्या घटकेला देवीने सांगितलं असतं तर कार्ल्याचा डोंगर तो गुडघ्यांवरसुद्धा चढला असता. त्याने मुकाट्याने हात जोडले.

नंदा बरी झाली. पौष उजाडला तेव्हा ती अंगणात सागरगोटे खेळत होती आणि शेजारच्या पोरींशी भांडतही होती. मग एकदा जेवताना श्रीपतीने हळूच विषय काढला.

"नवस तू बोललीस. मग चढायचं मी का?"

"मग काय मी चढू?" कस्तुराबाई म्हणाली. "मी उठल्यापासून विहिरीवर खेपा घालते. माझ्या चढण्याचं देवीला काय कौतुक? तिच्यापुढं काहीतरी अवघड ठेवायला नको?"

"अगं, पण न बसता?"

"तेच तर अवघड. दुसरं काय करायला सांगणार होते मी तुम्हाला?"

तिचं खरंच होतं, कारण बसणं हीच श्रीपतीची नोकरी होती. तळेगावच्या शिवेवर, वराळ्याच्या वाटेला एका सरकारी खात्याची पोटकचेरी होती, तिथे तो कारकून होता. खातं रस्त्यांचं होतं की पाटांचं, हे आत बसणाऱ्यांनाही पगाराच्या दिवशीच आठवायचं. कचेरीच्या चार पायऱ्या चढल्या की श्रीपती व्हरांड्यातल्या बाकावर जरा टेकायचा आणि दम खाऊन मग आत खुर्चीत जाऊन बसायचा. म्हणजे बसायला जातानाही त्याला मध्ये एकदा बसावं लागे. अशा माणसाला चैत्रात कार्ल्याचा डोंगर चढायचा होता.

"आत्तापासून सवय करा," कस्तुराबाईने फर्मान काढलं. "आणि एक लक्षात ठेवा. नवस फिटेपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही. बोलून दाखवलेला नवस देवीला पोचत नाही, असं माझी आई म्हणायची."

सवय करायची कधी, हा प्रश्न होता. सकाळी श्रीपतीला झोप सोडत नसे आणि संध्याकाळी भूक. राहता राहिली दुपारची सुट्टी. डबा खाऊन टेबलावर डोकं ठेवायची त्याची वर्षानुवर्षांची रीत होती. ती मोडून त्याने त्या वेळात चालायचं ठरवलं. सुट्टी संपेपर्यंत बूड टेकायचं नाही, असाही नेम केला. कस्तुराबाईने त्याच्या छत्रीच्या मुठीला देवीच्या खणाची एक लाल चिंधी बांधून दिली. मोह झालाच तर चिंधीकडे बघायचं.

कचेरीच्या समोर मोठा रस्ता होता, पण तिथे पोट सांभाळत चालणाऱ्या माणसाला बघून ट्रकवाले भोंगे वाजवत. म्हणून श्रीपती मागच्या दाराने भातखाचरांत उतरला. भात केव्हाच काढून झालं होतं, बांध कोरडे होते. शाळेत ड्रिलच्या मास्तरांनी शिकवलेलं चालणं तेवढं त्याला ठाऊक होतं, तसा तो निघाला: पावलं सारखी, हात ताठ, तोंडाने मोठ्याने "एक, दोन, तीन, चार." खाचराच्या टोकाला पोचला की दम लागायचा. बसायची तर बंदी. मग तो छत्री मातीत रोवायचा, तिच्यावर रेलायचा आणि उन्हासाठी एक डोळा मिटून, आपण किती आलो ते मागे वळून बघायचा.

खाचरं जवळच्या वाडीतल्या बजरंगची होती. भाताचं रोप टाकायची जागा भाजायला राबाचा पालापाचोळा पसरत असलेल्या बजरंगने हे सगळं पाहिलं आणि त्याच्या हातातली पाटी तशीच राहिली.

त्या दिवसांत पलीकडे पवन मावळात धरणाची कामं निघाली होती. मोजणी कशी सुरू होते हे अख्ख्या तालुक्याला पाठ झालं होतं. आधी एक सरकारी माणूस येतो. सारख्या पावलांनी चालतो. आकडे बोलतो. काठी रोवतो, तिला लाल फडकं असतं, आणि एक डोळा मिटून बघतो. मग जमीन जाते. पुढचं सांगायला नको.

बजरंग धोतराचा सोगा सावरत बांधावर आला. "राम राम, भाऊसायेब. मोजनी हाय जनू?"

"छे छे," श्रीपती म्हणाला. नवस ओठांवर आला होता, तो त्याने गिळला. "आपलं सहज."

बजरंगला ते पटलं नाही. त्याच्या उभ्या आयुष्यात सरकारी माणूस सहज म्हणून कधी कचेरीबाहेर पडलेला त्याने पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने खाचराच्या कडेच्या आंब्याखाली घोंगडी अंथरून ठेवली. सोबत आईला, चिमाबाईला, आणून बसवलं. म्हातारीला माणसं चटकन कळत.

"या, भाऊसायेब. बसा घटकाभर."

"नाही नाही, बसत नाही."

"पानी तरी घ्या."

श्रीपतीने तांब्या वर धरला आणि तो घटाघटा पाणी प्यायला, उभ्यानेच.

"आता टेका की जरा," चिमाबाई म्हणाली.

श्रीपतीने घोंगडीकडे पाहिलं. मऊ, काळीभोर घोंगडी, वर आंब्याची गार सावली. मग त्याने चिंधीकडे पाहिलं. "नाही हो आजी. बसायचं नाही मला," असं म्हणून तो एक-दोन-तीन-चार करत निघून गेला.

चिमाबाईने त्याला खाचराच्या टोकापर्यंत नजरेने पोचवलं. "बजरंगा," ती म्हणाली, "ह्यो चांगल्या कामाला आल्याला न्हाई. तुज्या आज्याच्या येळंला सारा थकला म्हून बैल सोडून न्याया मानूस आलता, त्यो बी असाच. पानी उभ्यानं प्याला. घोंगडीवर बसलं की घरच्यावानी व्हतं, मग वंगाळ काम करवत न्हाई. म्हून ते बसत न्हाईत."

"मंग आता?"

"बशीव त्याला. कसं बी करून बशीव."

तेव्हापासून श्रीपतीला बसवण्याचं काम बजरंगने शेतीच्या कामासारखं अंगावर घेतलं. पहिल्यांदा तांदळाची भाकरी आणि लसणाची चटणी आली. श्रीपतीने भाकरी तळहातावर घेतली आणि उभ्याउभ्या संपवली. अन्नाला नाही म्हणणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. घरून आणलेला डबा तर तो आधीच खाऊन आलेला असे. मग वाटाण्याची उसळ आली. तीही द्रोण हातात धरून संपली. तेव्हा बजरंगने डोकं चालवलं. कोंबडीचा रस्सा काही उभ्याने खाता येत नाही. एक हात ताटाला, एक हात भाकरीला, वाटी धरायला तिसरा हात आणणार कुठून? माणूस झक मारत खाली बसेल.

रस्सा बघून श्रीपतीचे डोळे भरून आले. त्याने इकडेतिकडे पाहिलं. आंब्याला छातीइतक्या उंचीवर एक छानसं बेचकं होतं. त्याने ताट तिथे ठेवलं, झाडाला पोट टेकवलं आणि वाटी पुसून ठेवेपर्यंत तो जेवला.

"काय चव आहे हो वहिनींच्या हाताला!" तो म्हणाला आणि पुढच्या खाचराकडे निघाला.

"लय घट्ट मानूस हाय," बजरंग आईला म्हणाला. त्याच्या आवाजात आता भीतीबरोबर थोडा आदरही होता.

बांधाच्या पलीकडे भिमाजी हे सगळं बघत होता. भिमाजी आणि बजरंग चुलत भाऊ. त्यांच्यामधला बांध नांगराने कोण कोरतो, यावरून दोघांचं बोलणं बंद होतं. बोलायचंच झालं तर ते बैलांशी बोलत आणि दुसऱ्याला ऐकू जाईल इतकं मोठ्याने बोलत. भिमाजीने हिशेब मांडला. बजरंग फुकट कोंबडी कापणारा नव्हे. मोजणीची रेघ आपल्या शेतातून काढून माझ्या शेतात सरकवायचा त्याचा डाव आहे.

त्यात बजरंगने आणखी एक गोष्ट केली. सरकार एकवेळ माणसाला उठवील, पण देवाला हलवायला कचरतं, हे त्याने ऐकलं होतं. एका सकाळी श्रीपतीच्या वाटेवर, बांधाच्या मधोमध एक शेंदूर फासलेला धोंडा उभा राहिला. दुपारी श्रीपतीला म्हसोबा दिसला. देवाला ओलांडून कसं जायचं? त्याने नमस्कार केला आणि वळसा घेतला, तो नेमका भिमाजीच्या शेतातून.

"झालं!" भिमाजी बैलाला म्हणाला. "सरकवली रेघ!"

पण भिमाजीही काही कच्चा नव्हता. त्याची म्हैस नुकतीच व्याली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीपती वळसा घालून आला तर समोर खरवसाचं पातेलं. आणि त्याच्या शेजारी, भर शेतात, बाज. बाजेवर गोधडी, गोधडीवर उशी. श्रीपतीने डोळे घट्ट मिटले, पातेलं उचललं आणि बाजेकडे पाठ करून खरवस खाल्ला. भिमाजीने आग्रहाने त्याला तीनदा वाढलं आणि तिन्ही वेळा बाज पुढे सरकवली. पुढे सरकलेली बाज श्रीपतीच्या पोटऱ्यांना लागली की श्रीपती एक पाऊल पुढे जायचा. असे ते दोघं आणि ती बाज खाचराच्या टोकापर्यंत गेले.

आता खाचरांत आंब्याची रोपंही दिसू लागली. जमीन जाताना झाडाचे वेगळे पैसे मिळतात, असं कुणीतरी वाडीत आणून सोडलं होतं. ऐन फाल्गुनात, जमिनीला भेगा पडलेल्या असताना, बजरंग आणि भिमाजी डोक्यावरून घागरी वाहून रोपांना पाणी घालू लागले. श्रीपतीला फार बरं वाटलं.

"वा, बजरंगा! आमराई करतोयस वाटतं? किती लावलीस?"

बजरंगच्या तोंडचं पाणी पळालं. भाऊसाहेब झाडं मोजायला लागले होते.

इकडे श्रीपतीचीही पंचाईत झाली होती. चालणं रोज होत होतं, दमही पूर्वीइतका लागत नव्हता. पण पट्टा शेवटच्या भोकावर आला होता आणि तेवढ्यानेही भागेना, तेव्हा चांभाराकडून नवीन भोक पाडून घ्यावं लागलं. कस्तुराबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"तुम्ही दुपारी नक्की चालताच ना?"

"चालतो की! बूडसुद्धा टेकत नाही."

"मग हे वाढतंय कसं?"

श्रीपतीने पानावरच्या भाताकडे बघत सांगितलं, की मावळची हवाच तशी आहे.

शेवटी वाडीचा धीर सुटला. बजरंग, भिमाजी आणि आणखी पाच-सहा जण एका सकाळी कचेरीत येऊन साहेबांच्या टेबलासमोर हात जोडून उभे राहिले. साहेब नवे होते, मुंबईकडून आलेले, आणि खालच्या माणसांसमोर आपल्याला काही ठाऊक नाही असं दिसू नये याची फार काळजी घेणारे.

"सायेब, आमची जिमीन घिऊ नगा. मोजनी थांबवा."

कसली मोजणी, हे साहेबांना माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "हं. प्रकरण विचाराधीन आहे."

एवढं ऐकल्यावर वाडीची उरलीसुरली आशाही मावळली. लोक गेल्यावर, दुपारच्या सुमारास, साहेबांनी श्रीपतीला आत बोलावून दार लोटून घेतलं.

"तिकोणे, तुम्हाला पुण्याहून परस्पर काही हुकूम आलाय का?"

"पुण्याहून नाही, साहेब."

"मग? आणखी वरून?"

श्रीपतीने देवीचं स्मरण केलं. "वरूनच म्हणायचं, साहेब. पण चैत्रापर्यंत मला बोलता येत नाही. माफ करा."

साहेब खुर्चीत सावरून बसले. आपल्या हाताखालचा कारकून थेट वरचं काम करतो आणि आपल्याला पत्ता नाही! त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही उन्हात पायी कशाला हिंडता? दुपारी जीप घेऊन जात चला. आणि उभे का? बसा ना."

"सुट्टी सुरू झाली साहेब. आता बसता येत नाही," असं म्हणून श्रीपती छत्री घेऊन बाहेर पडला. साहेबांनी त्याच दिवशी पुण्याला अतिशय मोघम शब्दांत विचारणा केली, की सदर भागातील मोजणीबाबत पुढे काय करावयाचे आहे.

चैत्र आला. कार्ल्याच्या जत्रेची गर्दी ओसरल्यावर येणारा रविवार कस्तुराबाईने ठरवला. आदल्या दिवशी सुट्टीत हातावर धपाटं घेऊन श्रीपती म्हणाला, "बजरंगा, उद्या कार्ल्याला चाललोय." त्याच्या मनात काही नव्हतं, पण चिमाबाईने ते ऐकलं आणि ती ताडकन उठली.

"देवीच्या पायरीवर कुनी कुनाला न्हाई म्हनत न्हाई. घोंगडी घिऊन चला. तितंच बशिवू त्याला."

रविवारी मळवलीला उतरून तिकोणे मंडळी पायथ्याशी आली. नंदा पुढे, हातात ओटीचं ताट घेतलेली कस्तुराबाई मध्ये आणि मागे छत्रीसह श्रीपती. पहिल्या पायऱ्या तो असा चढला, की कस्तुराबाईने कौतुकाने दोनदा मागे वळून पाहिलं. पाय खरोखरच तयार झाले होते. पण अर्ध्यावर आल्यावर पोट जाणवू लागलं. पाय देवीकडे निघाले होते आणि पोट घराकडे ओढत होतं. घामाने सदरा अंगाला चिकटला. नारळ-फुलं विकणाऱ्याच्या ओट्यावर एकाच माणसाला पुरेशी जागा होती, ती त्याच्याकडे टक लावून बघत होती.

नंदा धावत खाली आली आणि तिने त्याचं बोट धरलं. "बाबा, बसायचं नाही हं. आई रडेल."

तिचा हात गार होता. तापात याच हाताचा चटका बसायचा, ते श्रीपतीला आठवलं आणि त्याने आणखी थोडा डोंगर त्या एका आठवणीवर ओढला. मग मात्र तीही पुरेना. त्याने छत्रीवर भार टाकला. इतके दिवस इमानाने उभी राहिलेली छत्री कडकन मोडली. श्रीपती जिथे होता तिथे डुलू लागला. कस्तुराबाईच्या डोळ्यांत पाणी तरारलं. ती ताट घट्ट धरून उभी राहिली.

तेवढ्यात खालून आरोळी आली. "भाऊसायेब! थांबा! भाऊसायेब!"

बजरंग दोन दोन पायऱ्या टाकत वर आला. त्याने खांद्यावरची घोंगडी झटकली आणि श्रीपतीच्या पुढ्यातच पायरीवर अंथरली. "बसा! देवीच्या दारात तरी बसा! तुमच्या पाया पडतो!"

"बसा, भाऊसायेब!" भिमाजीने त्याचा दंड धरून खाली ओढला. मागून चिमाबाई धापा टाकत ओरडत होती, "बशीव! सोडू नगंस!"

श्रीपतीचे गुडघे वाकले. घोंगडी वर वर येऊ लागली.

"बसवू नका हो त्यांना!" कस्तुराबाई किंचाळली. "नवस आहे त्यांचा, न बसता चढायचा! माझ्या पोरीसाठी बोललेला आहे!" आणि मग तिने पटकन तोंडावर हात धरला.

भिमाजीने ओढलेला दंड तसाच उलट वर धरला.

"नवस?" बजरंग म्हणाला. "मंग मोजनी?"

"कसली मोजणी?" श्रीपती धापा टाकत म्हणाला. "मी चढायची सवय करत होतो."

"आन् ती लाल चिंदी?"

"देवीच्या खणाची."

"आवो, मंग म्या येवडी रोपं लावली, उनातानात घागरी वाहिल्या—"

"मला वाटलं तू आमराई करतोयस."

"आन् माजा खरवस?" भिमाजीचा आवाज फुटला.

"खरवस उत्तम होता," श्रीपतीने अगदी मनापासून सांगितलं.

पहिल्यांदा चिमाबाई हसली. पायरीवर बसून, पदर तोंडात धरून, अंग गदगदेपर्यंत हसली. कस्तुराबाईला मात्र हुंदका आवरेना. "माझ्याच तोंडून निघालं. आता देवीला पोचायचा नाही नवस."

"गप, बाई," चिमाबाई डोळे पुसत म्हणाली. "तू बोललीस. फेडनारा न्हाई बोलला. आमी त्याला भाकऱ्या घातल्या, कोंबडी घातली, पर त्या मानसानं सबुद काडला न्हाई. असा नवस देवीला पोचत न्हाई तर कुनाचा पोचंल?"

पण डोंगर अजून बराच शिल्लक होता आणि श्रीपतीचे पाय काही उचलत नव्हते. बजरंगने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, पोटाशी नजर थोडी थांबली. मग तो पुढे झाला आणि त्याने श्रीपतीचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

"ह्यातलं निम्मं वजन आमच्या घरचं हाय," तो म्हणाला. "आमीच वर न्हेतो."

"निम्मं कसं?" भिमाजीने दुसरा हात आपल्या खांद्यावर घेतला. "खरवसाचं माज्याकडं ज्यास्ती निघंल."

"चालेल का हो?" कस्तुराबाईने घाबरत चिमाबाईला विचारलं.

"बूड टेकलं न्हाई ना कुटं? मंग चालतंय."

अशी ती वरात निघाली. दोन चुलत भावांच्या मधोमध, बांधासारखा, श्रीपती. बजरंग म्हणाला, "जरा तुज्या अंगाला घे की." भिमाजी म्हणाला, "तू पयल्यापास्नं असाच, समदं माज्याकडं सरकवतोस." बजरंगने विचारलं, कोण सरकवतो, आणि मग वरपर्यंत दोघं श्रीपतीच्या नाकासमोरून भांडत राहिले. पण इतक्या वर्षांत आज ते बैलांशी न बोलता एकमेकांशी बोलत होते, आणि दोघांनाही ते बहुधा कळलं नव्हतं.

ओटी भरली गेली. कस्तुराबाईने देवीपुढे डोकं टेकलं ते नंदाने पदर ओढेपर्यंत उचललं नाही. बाहेर बजरंगने देवळाशेजारच्या लेण्यांच्या सावलीत घोंगडी अंथरली होती. श्रीपतीने तिच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. तिने हसून मान हलवली. तेव्हा तो हळूहळू, एकेक गुडघा मोडत खाली बसला. आयुष्यभर तो बसतच आला होता, पण असं सुखाचं बसणं त्याला ठाऊक नव्हतं.

"बसला गं बया!" चिमाबाई म्हणाली आणि बरोबर आलेल्या वाडीकरांनी सुटकेचा श्वास सोडला.

गोष्ट इथेच संपायची, पण साहेबांनी पुण्याला विचारणा करून ठेवली होती. तिथल्या साहेबांनाही कोणत्याही मोजणीची माहिती नव्हती, आणि तसं कबूल करणं त्यांनाही बरं दिसत नव्हतं. त्यांनी मागची प्रकरणं उपसली. त्यात वाडीकरांनी फार पूर्वी केलेला एक अर्ज निघाला: मोठ्या रस्त्यापासून वाडीपर्यंत गाडीरस्ता करून मिळावा. त्यांनी त्यावर तातडीने मोजणी करण्याचा हुकूम काढला. पावसाळा सरला, भात निघालं, बांध वाळले, आणि साहेबांनी ओव्हरसियरच्या जोडीला श्रीपतीला दिलं. "तुम्हाला ते रान पायाखालचं आहे," ते आदराने म्हणाले.

श्रीपती साखळी आणि लाल निशाणं घेऊन खाचरात उतरला. आता सांगायला बंदी नव्हती, म्हणून त्याने बजरंगला दुरूनच हाक मारून सांगितलं, "बजरंगा, ह्या खेपेला खरी मोजणी आहे रे! रस्त्याची!"

बजरंगने त्याच्याकडे पाहिलं. निशाणाकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "घरी समदी बरी हायती न्हवं?"

"बरी आहेत. अरे, सरकारी मोजणी आहे. तुझ्या आणि भिमाजीच्या बांधावरून रस्ता जाणार आहे. हुकूम आहे माझ्याकडं."

"व्हय व्हय," बजरंग म्हणाला. "भिमा, ये रं हिकडं! भाऊसायेबाचा पुन्यांदा नवस हाय."

"अरे, नवस नाही! शपथ सांगतो!"

भिमाजी धावत आला. दोघांनी बांधाच्या कडेला पायताणं काढून ठेवली. भिमाजीने निशाण हातात घेऊन कपाळाला लावलं आणि बजरंगने साखळीचं टोक धरलं. आंब्याखालून चिमाबाईने हाक देऊन विचारलं, की ह्या खेपेला बसायला चालतंय का नाही ते आधी सांगा, त्या हिशेबाने जेवण करू.

"चालतंय, आजी, बसायला चालतंय!" श्रीपती कळवळून म्हणाला. "पण खरंच रस्ता होणार आहे हो इथून. ऐका तरी माझं."

बजरंगने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"सांगू नगासा, भाऊसायेब," तो मायेने म्हणाला. "नवस बोलून दावायचा नसतो. तुमी फकस्त कुटवर जायाचं तेवडं दावा."